कार्तिकीला न येणारा आकडा

आंबरवाडीच्या शाळेत गणिताला किलवरचा गुलाम होता, आणि त्याला रुजू होऊन यंदा तिसरे वर्ष चालू होते.

नेमणुकीच्या कागदावर 'श्री. गुलाम, किलवर' एवढेच लिहिलेले होते. हे किलवर कुठल्या तालुक्यात येते, यावर ग्रामपंचायतीत अर्धा दिवस खल झाला. मग गुरुजी एस.टी.तून उतरले आणि खल थांबला. उंची माणसाएवढी, जाडी पुठ्ठ्याएवढी. एक डोके वर, दुसरे डोके खाली, पाय कुठेच नाहीत. हेडमास्तर इंगवल्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले की हजेरीपटावर सही वरच्या डोक्याने करावी आणि मधल्या सुट्टीनंतर गुरुजी उलटे झाले तरी ती दुसरी हजेरी धरू नये. वारा सुटला की वर्गाच्या खिडक्या लावून घेत. बाकी कशाची अडचण नव्हती. गाव त्यांना गुलाम गुरुजी म्हणू लागले.

शिदूआण्णा लोंढ्यांना ही नेमणूक पटली नाही. गुरुजींच्या दोन डोक्यांबद्दल त्यांचे काही म्हणणे नव्हते. त्यांचे म्हणणे पत्त्यांबद्दल होते. आण्णा गवंडी. वय बहात्तर. गावातली निम्मी घरे त्यांच्या हातची, आणि शाळाही त्यांच्याच हातची. पत्ते कुटणारा हात थापी धरत नाही, असे ते म्हणत, आणि पन्नास वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत पत्त्यांचा जोड आला नव्हता. आता त्यांची नात रोज सकाळी दप्तर घेऊन सरळ पत्ते खेळायला जात होती, आणि तिला तसे जायला सरकारच सांगत होते.

पण पोरे शिकली, हे आण्णांना नाकारता येईना. पाच-तीन-दोन खेळून पहिलीच्या पोरांना दहाची फोड तोंडपाठ झाली. झब्बू खेळून लहान-मोठे आकडे कळले. जी पोरे बोटे मोजीत बेरीज करायची, ती चालत्या गाडीचा नंबर वाचून त्यातल्या आकड्यांचा गुणाकार सांगू लागली. आण्णा एकदा पारावर 'बरं हाय' म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढे येणे म्हणजे गावात सत्कार समजला जाई.

खोट परीक्षेत होती.

चौथीची परीक्षा बदाम सात खेळून होई. गुरुजी पत्ता लावत, पोराने त्याच्या पुढचा पत्ता लावायचा आणि दोन्हींवर विचारलेले गणित सोडवायचे. ज्याच्याकडे पत्ता नाही, उत्तर नाही, त्याने खेळाच्या रिवाजाप्रमाणे 'पास' म्हणायचे. वरून आलेल्या आदेशात वाक्य होते, 'जो पास, त्यास पास करावे.' त्याप्रमाणे जो 'पास' म्हणे, तो पास होई. जो सगळी उत्तरे देई, त्याच्या तोंडून तो शब्दच निघत नसे, आणि तो राही.

आण्णांची नात कार्तिकी दोन वर्षे राहिली होती.

ही तिसरी खेप. तिसऱ्यांदा राहील त्याचे नाव पटावरून कमी करायचे, असा नियम होता. पोरगी बारा वर्षांची झालेली. पाचवीत खरे अपूर्णांक सुरू होतात, असे तिने कुठून तरी ऐकले होते आणि त्याच्यावर तिने जीव टाकला होता. तालुक्याच्या शाळेसमोरून गाडी गेली की मान वळवून ती इमारत दिसेनाशी होईपर्यंत बघत बसे.

"आमचा वेदू मागल्या साली झाला की वो पास," गेनबा पारावर म्हणाला. गेनबाचे सायकलचे दुकान होते आणि तोंड त्याच्या पंपापेक्षा जोराचे होते. "दोन आणि दोन किती म्हणून इचारलं. पोरगं म्हनलं, पास. डोळं मिटून म्हनलं. असं लागतंय."

"त्याला येत न्हाई म्हणून म्हनला," आण्णा म्हणाले.

"मग मी काय म्हनतोय? देवाची देणगी हाय ती. तुमच्या पोरीला न्हाई दिली देवानं, त्याला तुमी काय करणार."

आण्णा उठले आणि शाळेत गेले.

गुलाम गुरुजी भिंतीला टेकून वह्या तपासत होते. वरच्या डोक्याने वाचत, खालचे डोके बरोबर-चूक करी. हेडमास्तर इंगवले खुर्चीवर होते.

"गुरुजी," आण्णा म्हणाले, "माझ्या नातीला सगळं येतंय."

"मला कल्पना आहे," गुरुजी म्हणाले. "अडचण तीच आहे."

"जिला येतंय ती नापास, आन जिला येत न्हाई ती पास. ही कुठली रीत?"

"आण्णा, रीत आम्ही नाही लावली," हेडमास्तर म्हणाले. "आदेश आहे. मी दोनदा वर विचारलं. उत्तर आलं, 'पास या शब्दाचा अर्थ पास असा घ्यावा.' आता याच्यापुढं काय विचारायचं?"

"मग तिला म्हणाया सांगतो. तोंडानं पास म्हणायला काय लागतंय?"

गुरुजींनी वही मिटली. "हातात पत्ता असताना पास म्हणणं म्हणजे पत्ता दाबणं. पत्ता दाबणाऱ्याचं नाव त्याच दिवशी कमी होतं. दुसरी संधी नाही."

"तुमाला कसं कळणार, दाबला का न्हाई ते?"

"कळतं," गुरुजी म्हणाले आणि कार्तिकीला हाक मारली. पोरगी वर्गातून आली. "ही परीक्षा नाही. फक्त दाखवायचं आहे. सोळा औटं किती? सांगू नकोस, पास म्हण."

कार्तिकीने आजोबांकडे बघितले. मग खाली बघून म्हणाली, "पास."

तिचा डावा गाल टम्म फुगला. गुरुजी वाकले आणि गालाकडे बघून म्हणाले, "छप्पन्न. बाहेर काढ."

"छप्पन्न," कार्तिकी म्हणाली आणि गाल खाली बसला.

"सगळ्यांचंच असं होतं," हेडमास्तर म्हणाले. "मागल्या वर्षी एकीचा गाल आठवडाभर उतरला नव्हता."

औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शाळेत शिकवत नाहीत हे आण्णांना माहीत होते. तो त्यांनीच तिला शिकवला होता, विटांच्या ढिगावर बसवून, ती पाच वर्षांची असताना.

"दुसरा मार्ग?"

"एक आहे," गुरुजी म्हणाले. "पालकांचा सहभाग वाढावा म्हणून. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक पालकाला एक पत्ता टाकता येतो, म्हणजे एक प्रश्न विचारता येतो. उत्तर आकड्यात असलं पाहिजे. विचारणाऱ्याला ते येत असलं पाहिजे. आणि मुलाने पास म्हटलं, तर विचारणाऱ्याने आपला पत्ता सगळ्यांसमोर उघडा करायचा. खोटा पत्ता निघाला तर दोघेही बाद."

"म्हणजे मला येतंय आन तिला येत न्हाई, असं काय तरी."

"असं काही तरी."

परीक्षेला आठ दिवस होते. आण्णांनी हातातले काम दुसऱ्या गवंड्यावर सोपवले आणि नातीला येत नाही ते शोधायला बसले.

पहिल्या दिवशी पाढे झाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पोरगी गोठ्यात शेणकूर करता करता सांगत होती. दुसऱ्या दिवशी बांधकाम काढले.

"वीस फूट लांब, धा फूट उंच, नऊ इंची भिंत. ब्रास किती?"

"दीडशे घनफूट. शंभराचा एक ब्रास, म्हणून दीड."

"मधी एक दरवाजा. सात बाय तीन."

"दरवाजा वजा करून दीडला थोडं कमी. पावणेसोळा घनफूट गेले..." तिने क्षणभर थांबून घेतले. "एक पूर्णांक चौतीस शतांश. वर पाव शतांश."

"कुणी सांगितलं तुला शतांश?"

"तुम्हीच. पाण्याची टाकी बांधताना."

तिसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या वस्तू घेतल्या. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या. शाळेच्या कौलांच्या ओळी. विहिरीच्या कठड्याचे दगड. पोरीला सगळे येत होते, कारण प्रत्येक बांधकामापाशी हात धरून उभे करून त्यांनीच तिला मोजायला लावले होते. गावात न मोजलेले असे काही त्यांनी शिल्लक ठेवले नव्हते.

चौथ्या दिवशी त्यांनी दुसरा उपाय केला. येत असलेले विसरवायचे. पोरीला समोर बसवून म्हणाले, "ऐक. आजपासून सात सक..." आणि पुढे त्रेचाळीस म्हणायचे होते. जीभ उचलेना. पुन्हा म्हणाले, "सात सक..." घामाने डोक्याचा रुमाल भिजला.

"बेचाळीस," पोरगीच म्हणाली, त्यांची कीव येऊन.

सून शीतल चुलीपुढून बघत होती. तिचा नवरा ट्रकवर असे, महिन्यातून चार दिवस घरी. पोरीचे काय व्हायचे ते हिलाच बघावे लागे.

"मामा," ती म्हणाली, "मी तवाच म्हनले हुते. पोरीला जरा तरी काय ठेवा न येणारं. आता भोगा."

"मी तिला शिकवलं ते चुकलं?"

"चुकलं कोण म्हनतंय. पण सांगायचं किती? कुणाच्या विहिरीला किती दगड, कुणाच्या भिंतीला किती ओळंब्याचा फरक. सगळं सगळं सांगितलं. एक गोष्ट पोटात ऱ्हाईना तुमच्या."

आण्णा भाकरी अर्धी टाकून उठले.

पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी त्यांनी पोरीला काहीच विचारले नाही. गेनबा रस्त्यात म्हणाला, "काय आण्णा, सापडलं का न येणारं? आमच्या वेदूला इचारा, त्याच्याकडं पोत्यानं हाय." आण्णा त्याच्याकडे न बघता पुढे गेले. शीतलला वाटले, म्हाताऱ्याने हाय खाल्ली. पण तसे नव्हते. शीतलचे एक वाक्य चूक होते आणि आण्णांना ते माहीत होते. एक गोष्ट त्यांच्या पोटात राहिली होती. ती आकड्यातच होती. ती त्यांनी बायकोला सांगितली नव्हती, पोराला नव्हती, नातीला तर नव्हतीच. तीन दिवस ते दुसरे काही सापडते का ते बघत होते. सापडले नाही.

परीक्षेला गाव जमले. पटांगणात सतरंजी टाकली होती. गुलाम गुरुजी मध्ये उभे, दोन्ही बाजूंना एकेक पोर आधाराला. हेडमास्तर टेबलाशी निकालपत्रक घेऊन बसले.

गुरुजींनी बदामची सत्ती टाकली आणि परीक्षा सुरू झाली. पोरे एकामागून एक 'पास' म्हणत होती, आणि प्रत्येक 'पास'ला आयाबाया टाळ्या वाजवत होत्या. एका पोराने चुकून बरोबर उत्तर दिले. त्याची आई मटकन खाली बसली. पुढच्या प्रश्नाला तो अडला तेव्हा तिने पदराने डोळे पुसले.

कार्तिकीची पाळी आली. छक्कीवर पंजी, गुणाकार. तीस. अठ्ठीवर नव्वी, वर्गांची बेरीज. एकशे पंचेचाळीस. गुरुजींनी राणी टाकली, तिने राजा लावला; त्यांनी गुणाकार विचारला, त्याची दिडकी विचारली. एकशे छप्पन्न, दोनशे चौतीस. पोरगी हळू आवाजात, मान खाली घालून, चोरी सापडल्यासारखी उत्तरे देत होती. गावाने चुकचुक करायला सुरुवात केली. गुरुजींच्या हातातले पत्ते संपले.

"माझ्याकडे काही उरलं नाही," ते म्हणाले. वरच्या डोक्याचा आवाज जरा उतरला होता. "पालक आहेत का?"

आण्णा उठले. धुतलेले धोतर, पांढरा सदरा. सतरंजीच्या कडेला येऊन उभे राहिले. पोरीकडे न बघता त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलाकडे बघितले.

"चौथीच्या परीक्षेत," ते म्हणाले, "मला गणितात शंभरापैकी मार्क किती पडले?"

सगळ्या गावाला माहीत होते की शिदू लोंढे चौथी शिकलेला गवंडी आहे. बाप वारला म्हणून शाळा सुटली, नाही तर फार पुढे गेला असता, असे गावात सांगत. या शाळेच्या बांधकामाच्या वेळी दुसरे दोन गवंडी मागे पडले ते याच कारणाने. शाळा शिकलेल्या माणसानेच बांधावी, असे तेव्हाचे सरपंच म्हणाले होते.

"गणितात?" कार्तिकी म्हणाली.

"गणितात."

"तुम्ही चौथी झालाय ना, आण्णा? मग पस्तीसच्या वर असणार."

"हे उत्तर आहे का?" गुरुजींनी विचारले.

"न्हाई," कार्तिकी घाईने म्हणाली. "इचार करतीय." ती बोटांकडे बघत राहिली. तिने बोटांवर कधी मोजले नव्हते. मग तिने मान वर करून आजोबांच्या तोंडाकडे बघितले. आण्णांनी नजर काढून घेतली. ते तिच्यासमोर नजर काढून घेत नसत. ती बघतच राहिली.

गुरुजी वाकले. एक गाल बघितला, दुसरा बघितला. दोन्ही सपाट होते.

"पास," कार्तिकी म्हणाली.

कोणी टाळी वाजवली नाही. हेडमास्तरांनी पेन उचलले, पण गुरुजींनी त्यांना थांबवले.

"आण्णा, पत्ता उघडा करावा लागेल."

"ठाव हाय मला," आण्णा म्हणाले. "नऊ."

"किती?" मागून गेनबा म्हणाला.

"नऊ. शंभरात नऊ. मी चौथीत नापास. बाप त्याच्यानंतर दोन वर्सांनी वारला. कान धुऊन ये, परत सांगतो."

गेनबा खाली बसला. दुसऱ्या दिवशी पारावर त्याने फक्त पाऊसपाण्याचे विचारले.

हेडमास्तरांनी कपाटाच्या तळातून आधीच्या जुन्या शाळेतला निकाल काढला. तो काढणे नियमाने भाग होते. पाने चिकटलेली होती. 'लोंढे शिदू राणू, गणित, नऊ.' पत्ता खरा निघाला. हेडमास्तरांनी निकालपत्रकावर लिहिले, 'कु. कार्तिकी लोंढे हिला येत नसल्याने पास', आणि खाली शिक्का मारला. गुलाम गुरुजींनी दोन्ही डोक्यांनी सही केली. एका निकालावर दोन सह्या पहिल्यांदाच झाल्या, पण हेडमास्तरांनी हरकत घेतली नाही.

घरी जाताना पोरगी बराच वेळ मागे मागे चालत होती. ओढ्यापाशी तिने त्यांना गाठले.

"आण्णा."

"काय हाय?"

"मग औटकी कुणी शिकवली तुम्हाला?"

"कुणी न्हाई. बांधकामाच्या परांचीवर उभा राहून शिकलो. खाली पडायची भीती असली की येतंय."

"आणि दिडकी?"

"चाल पुढं. पाय उचल."

जूनमध्ये ते दोघे तालुक्याच्या शाळेत गेले. प्रवेशाच्या खिडकीत चौकटची चव्वी बसली होती. तिने निकालपत्रक घेतले, 'येत नसल्याने पास' हे वाक्य दोनदा वाचले आणि समाधानाने मान डोलावली. मग कोरा फॉर्म पुढे ओढून भरायला लागली. मुलीचे नाव. जन्मतारीख. गाव. पालकाचे नाव.

"पालकाचं शिक्षण?"

मागे रांग होती. आंबरवाडीचीच दोन माणसे रांगेत होती.

"चौथी नापास," आण्णा म्हणाले.

चव्वीने लिहिले. "सही करता येते, की अंगठा?"

"सही. आन त्या नापासच्या पुढं नऊ लिवा."

"गुणांचा रकाना नाही इथं."

"कडंला जागा हाय," आण्णा म्हणाले. "लिवा."

चव्वीने कडेच्या जागेत नऊ लिहिला, फॉर्म फिरवून त्यांच्यापुढे ठेवला, आणि पुढच्याला हाक मारली.